गवताळ प्रदेशात जागा नाही

...आणि वर मलाच म्हणतात, "तुझं काय बाबा, तुझं सोपं आहे." सोपं. तुम्हाला सांगतो, ज्या माणसाच्या नशिबी हॉटेलात गेल्यावर कायम शेवटच्या पानावरचा, अगदी तळाचा, बारीक अक्षरातला पदार्थ येतो, ज्याचं नाव ऐकून वेटरसुद्धा "हे आहे का आपल्याकडे?" म्हणून आत विचारायला जातो आणि बराच वेळ परतच येत नाही, त्या माणसाचं सोपं आहे. बाकीच्यांना म्हणे निवड करावी लागते. कोंबडी घ्यावी तर मासा खुणावतो, मासा घ्यावा तर मटण रुसतं, डोक्याला नुसता ताप. मला नाही ताप. माझ्यापुढे उकडलेल्या भाज्या येतात. गाजर, वाटाणा, फरसबी. गाजर चौकोनी कापलेलं, म्हणजे निसर्गाने गोल दिलेल्या गोष्टीला कुणीतरी मुद्दाम वेळ काढून चौकोनी केलेलं. सगळं गार. आणि वर एक हिरवी काडी खोचलेली, सत्कार केल्यासारखी.

मी शाकाहारी आहे. बघा, हे नुसतं म्हटलं आणि तुमच्यातल्या दोघांच्या तोंडावर लगेच तो भाव आला. विचारा, विचारून टाका. "अंडं पण नाही?" नाही. "मासे तर खात असशील?" नाही. "पण मासा म्हणजे तसा..." तसाही नाही. "मग नुसती ग्रेव्ही घे ना, तुकडे बाजूला काढ." हे सगळ्यात लाडकं. तुकडे बाजूला काढ. म्हणजे तुमच्या चहात पाल पडली तर मी म्हणेन, पाल बाजूला काढा, चहा काय वाईट आहे? असं म्हटलं की माणसं रागावतात. म्हणतात, जेवताना काय घाण बोलतो.

आणि त्यातून चुकून माझ्या वाट्याला काही बरं आलंच, गरम, वास सुटलेलं, की संपलं. टेबलावरचे सगळे हाडं खाली ठेवतात, बोटं चाटतात आणि म्हणतात, "तुझं काय आहे रे ते? बघू, एकच चमचा." प्रत्येकाचा एकच असतो हो. पण माणसं किती असतात. त्यांची कोंबडी मला चालत नाही, माझी भाजी मात्र त्यांना चालते. शेवटी मी पावाने वाटी पुसत बसतो आणि समोरचा दातात काडी घालत म्हणतो, तुझं सोपं आहे.

मग घरी गेलं की आई विचारते, "जेवून आलास ना?" मी म्हणतो, "हो, पोटभर." आणि ती आत गेली की स्वयंपाकघरात अंधारातच उभा राहून गार भात खातो. दिवा लावत नाही, कारण दिवा लावला की तिला कळणार, आणि कळलं की ती म्हणणार, "मग जातोस कशाला त्यांच्याबरोबर?" मला आयुष्यात फार मोठं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, हॉटेलातून घरी यावं, आईने विचारावं, आणि खरं बोलता यावं. बस.

आता "मग जातोस कशाला" ते सांगतो. आमचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. कुणाची लिफ्ट अडकली, दार लागत नाही, मजल्याच्या वीतभर खाली थांबते, की आम्हाला फोन. मोठं काम पार पडलं की आमचे साहेब सगळ्यांना हॉटेलात नेतात. नाही म्हणायची सोय नाही, साहेबांना वाईट वाटतं आणि त्यांना वाईट वाटलं की आपल्याला तळघरातली कामं मिळतात. तर तिथे लांबलचक टेबल. या टोकाला साहेब, आणि त्या टोकाला, पार तिकडे, संडासाच्या दाराजवळ, शाकाहारी. ही आमच्याकडची रीतच. वेटरची गल्लत नको, एकाचा चमचा दुसऱ्यात नको. त्या टोकाला आमच्यातले लोक म्हणतात गवताळ प्रदेश.

त्या गवताळ प्रदेशात आम्ही दोघंच. मी आणि कोबीकाका.

कोबीकाका म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने मेकॅनिक. कायम कोबी मागवायचे म्हणून कोबीकाका. मी कामाला लागलो तेव्हा पहिल्याच जेवणाला मी आपला बावळटासारखा कुठे बसू म्हणून उभा होतो, तर त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बाळा, इकडे ये. आपण आपल्यात बसू." आपल्यात. तुम्हाला सांगतो, त्या एका शब्दावर मी त्या माणसाच्या टूलबॅगा वाहिल्या. सगळ्या जिन्यांवरून. लिफ्ट बंद असताना. आमच्या धंद्यात लिफ्ट नेहमीच बंद असते.

आणि काका साधे शाकाहारी नव्हते. मी शाकाहारी म्हणजे आपलं नुसतं खात नाही, एवढंच. काका म्हणजे तत्त्व. वेटर आला की काका चष्मा पुसायचे आणि सुरू व्हायचे.

"सूप कशाचं?"

"टोमॅटोचं, सर."

"कुठल्या पाण्यातलं?"

"साध्या पाण्यातलं."

"पाणी साधं. पातेलं?"

"पातेलं... पातेल्यासारखं आहे, सर."

"आधी त्यात काय शिजलं होतं?"

वेटर बिचारा आत बघायचा, बाहेर बघायचा. मग काका माझ्याकडे वळून हळूच म्हणायचे, "शंका आहे. शंका आली की सोडायचं, बाळा." आणि सूप परत. माझं पण. मला काही शंका नसायची हो, मला भूक असायची. पण आपला म्हातारा माणूस एवढा आपल्या बाजूने लढतोय आणि आपण सूप पीत बसायचं?

एकदा तर मशरूम आलं होतं. अजून आठवतं मला. वर साय, खाली बटाट्याचे पातळ काप, कडेला खरपूस झालेलं, बशीत बुडबुडे येत होते. माझा चमचा आत जाणार इतक्यात काकांनी बशी स्वतःकडे ओढली, वास घेतला, डोळे मिटले. माझा चमचा हवेतच. काका म्हणाले, "शंका आहे." गेलं. मशरूम गेलं. टेबलाच्या त्या बाजूला गेलं आणि तिथे तेलवाल्याने, हा आमच्याकडचा ग्रीस भरणारा, त्याने ते कोंबडीबरोबर पाव खावा तसं खाल्लं आणि मला ओरडून सांगितलं, "मस्त आहे रे. तुमची मजा आहे, तुमचं सोपं असतं."

बरं.

आता ज्या दिवशी माझा माणसावरचा विश्वास उडाला त्या दिवसाचं ऐका. रविवारची दुपार. मला एकट्याला एका हॉटेलात पाठवलेलं. तिथे स्वयंपाकघर तळमजल्यावर आणि गिऱ्हाईक वरच्या मजल्यावर. मध्ये भिंतीत छोटी लिफ्ट. माणसांची नाही, जेवणाची. खाली बशा ठेवायच्या, बटण दाबायचं, वर भिंतीतलं छोटं दार उघडून वेटरने घ्यायच्या. ती लिफ्ट वर गेली की थोडी तिरकी थांबत होती आणि सूप सांडत होतं. मी कप्पी बसवली, दोरी ताणली, आणि खालच्या आचाऱ्याला म्हटलं, आता जरा वजन टाकून बघू, काहीतरी जड द्या.

आचारी म्हणाला, "हे घे, जाणारच आहे वर. खिडकीजवळच्या टेबलाची नळी."

मी बघितलं तर बशीत हे एवढं हाड. नळीचं. आजूबाजूला मटण, पण मुख्य म्हणजे ते हाड.

"नेहमीचं गिऱ्हाईक आहे," आचारी सांगतोय. "रविवार चुकवत नाही. नळी लहान निघाली तर वर बोलावून घेतो मला. दर्दी माणूस. विचारतो काय माहिती आहे? 'आधी या पातेल्यात काय शिजलं होतं?' म्हटलं, मटणच. तर म्हणतो, 'उत्तम, मग चव मुरली असेल.'"

माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. पण मी म्हटलं, पातेल्याची चौकशी जगात काय एकच माणूस करतो का? बटण दाबलं, नळी वर गेली, आणि मी जिन्याने तिच्या मागोमाग, लिफ्ट सरळ थांबते का बघायला. वरच्या मजल्यावर भिंतीमागे वेटरांची खोली, तिथून ते छोटं दार, आणि दाराच्या फटीतून थेट बाहेरची टेबलं. वेटरने बशी उचलली. मी वाकून लिफ्ट बघितली. सरळ. एक थेंब नाही सांडला. मी खूश होऊन मान वर केली आणि फटीतून समोर बघतो तर...

खिडकीजवळ कोबीकाका.

गळ्याला नॅपकिन बांधलेला, लहान मुलाला बांधतात तसा. बाह्या कोपरापर्यंत वर. समोर काकू. वेटरने बशी ठेवली, काकांनी डोळे मिटले, वास घेतला. मी म्हटलं आता म्हणतील, शंका आहे. म्हणा काका, म्हणा. अजून वेळ गेलेली नाही.

नाही म्हणाले. नळी उचलली, बशीच्या कडेवर आपटली, टक टक, आणि तोंडाला लावली. आणि आवाज. तुम्हाला तो आवाज करून दाखवत नाही, तुमच्यात लहान मुलं असतील. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने खिडकी बंद आहे ना बघितलं.

काकू म्हणतायत, "अहो, सावकाश. कुणी काढून घेत नाहीये."

काका हाडातूनच म्हणाले, "तू मला जेवताना बोलू नकोस."

तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? जाऊन ओरडायला हवं होतं? रडायला? मी यातलं काही केलं नाही. मी शांतपणे जिना उतरलो, आचाऱ्याला म्हटलं, अजून एकदा वजन टाकून बघावं लागेल, आणि कोपऱ्यातला एक अख्खा कोबी उचलला. कच्चा. बाहेरच्या पानांसकट. मोठ्या बशीत ठेवला, त्यावर ते चकचकीत गोल झाकण ठेवलं, बटण दाबलं, आणि वर वेटरला हाक मारून सांगितलं, "खिडकीजवळचे काका. हॉटेलकडून भेट." आणि पुन्हा जिना चढून फटीपाशी.

वेटरने अदबीने झाकण उचललं.

काकांनी कोबीकडे बघितलं. कोबीने काकांकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "हे कुणी मागवलं? शी, झाडपाला." झाडपाला म्हणाल्या काकू. म्हणजे घरात सगळेच नळीवाले. काकांनी मात्र हळूहळू मान वळवली, भिंतीकडे, दाराकडे, फटीकडे, आणि फटीत माझा एक डोळा. मग त्यांनी हातातली नळी अलगद काकूंच्या बशीत ठेवली आणि माझ्याकडे बघून ओठ हलवले. आवाज आला नाही, पण कळलं. "हिची आहे."

बायकोवर ढकललं हो. तत्त्वाचा माणूस.

दुसऱ्या दिवशी मशिन रूममध्ये आम्ही दोघंच. खाली लिफ्टचा खड्डा, वर मोटर. मी पाना देतोय, ते घेतायत. शेवटी मीच म्हटलं, "काका, किती दिवस?"

"काय किती दिवस?"

"नळी."

काकांनी पाना खाली ठेवला. "बाळा, लहानपणापासून."

"मग शाकाहारी कधी होतात?"

"हॉटेलात. साहेब बरोबर असले की."

मला वाटलं साहेबांना काही वचन दिलं असेल. कसलं काय. काकांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि म्हणाले, "तुला साहेबांचा खडा माहीत नाही. तू पहिल्या दिवसापासून तिकडच्या टोकाला. तू काय जाणणार आमच्या यातना."

तर साहेबांना एकदा मूतखडा झाला होता. निघाला तो. चांगली गोष्ट आहे. पण निघाल्यावर साहेबांनी तो टाकला नाही, अंगठीच्या डबीत ठेवला. आत लाल मखमल. आणि जेवायला बसलं की सूप यायच्या आधी डबी बाहेर येते. मग सुरुवातीपासून गोष्ट. कळ कुठून सुरू झाली, कुठे गेली, डॉक्टरांचा चेहरा कसा पडला, नर्स काय म्हणाली, आणि मग तो क्षण, आणि तो आवाज, चिनीमातीवर, टिंग. मग डबी शेजाऱ्याच्या हातात. "हात लावून बघ. टोचतो का?" शेजाऱ्याने म्हणायचं, टोचतो. प्रत्येक जेवणाला. शेजारी कुणीही असो, गोष्ट तीच, खडा तोच.

"मी होतो तो शेजारी," काका म्हणाले. "पहिल्या दिवशी मी नवीन, मानाने जवळ बसवलं. मटण समोर आलं आणि साहेब म्हणाले, टिंग. मी मटणाकडे बघितलं, टेबलाच्या त्या टोकाकडे बघितलं. तिकडे कोण बसतात, विचारलं. म्हणाले, व्हेजवाले. त्या क्षणी मी सोडलं."

"मांसाहार?"

"ती खुर्ची."

आता माणूस म्हणून मला त्यांची दया आली असती. पण माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट. "काका, ते मशरूम?"

"कुठलं?"

"साय होती वर. बटाट्याचे काप होते. तुम्ही म्हणालात शंका आहे."

काका खजील होऊन मोटरकडे बघत म्हणाले, "ते शुद्ध होतं रे. मला मशरूमचा वास सहन होत नाही."

तुम्हाला सांगतो, नळी खाल्ली त्याचं मला काही नाही. ज्याचं त्याने बघावं. पण माझं मशरूम. मी या माणसाच्या शब्दावर किती सूपं परत पाठवली, किती वेळा अंधारात भात खाल्ला, आणि हा तिकडे रविवारी नॅपकिन बांधून. मी म्हटलं, "निदान पातेल्याची चौकशी तरी का करायचात?" तर म्हणाले, "संशय येऊ नये म्हणून. खऱ्या शाकाहाऱ्याला कुणी काही विचारत नाही. तू बघ ना, काहीच विचारत नाहीस वेटरला, मला तर सुरुवातीला तुझाच संशय होता."

माझा.

मला हे कुणाला तरी सांगणं भाग होतं, नाहीतर मी फुटलो असतो. मी सांगितलं हॅलोताईंना. त्या आमच्याकडे तक्रारींचे फोन घेतात, अडकलेल्या माणसाला लिफ्टमध्ये धीर देतात, तेव्हा म्हटलं आपल्यालाही देतील. मी सगळं सांगितलं. नळी, कोबी, खडा, खुर्ची. हॅलोताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे त्या टोकाला खड्याची गोष्ट ऐकू येत नाही?"

मी म्हटलं, "ताई, मुद्दा तो नाहीये."

"हो हो," त्या म्हणाल्या. "पण अजिबात नाही?"

"संडासाच्या दाराचा आवाज येतो फक्त."

"तो चालतो," हॅलोताई म्हणाल्या, आणि फोन वाजत नसतानाच उचलला.

पुढच्या जेवणाच्या दिवशी मला उशीर झाला. एका इमारतीत एक गृहस्थ आणि त्यांचा नवा सोफा लिफ्टमध्ये अडकले होते. गृहस्थ सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते, त्यांना घाई नव्हती, उलट मी दार उघडलं तर म्हणाले, "आलात पण?" तर मी पोचेपर्यंत सगळे बसलेले. आणि दारातच वेटर मला ओलांडून पळतोय, हातात बशाच बशा, आणि सगळ्या हिरव्या. वांगी भरलेली, बटाटे भाजलेले, पनीरच्या वड्या, आणि सगळ्यात मागे... साय. बुडबुडे. कडेला खरपूस.

मी म्हटलं, हे कुणाचं?

वेटर म्हणाला, "तुमच्याच टेबलाचं. सगळे व्हेज आहेत ना आज."

सगळे व्हेज. माझे पाय जमिनीला लागेनात हो. मी तिथे दारातच मनातल्या मनात आईला सांगून टाकलं, आई, आज खरं बोलणार. आणि आत जाऊन बघतो तर गवताळ प्रदेशात माणूस मावत नाहीये. खुर्चीला खुर्ची, कोपराला कोपर. हॅलोताई म्हणतायत, "मी त्वचेसाठी सोडलं." तेलवाला, जो माशाचा डोळा शेवटच्या घासाला राखून ठेवायचा, तो म्हणतोय, "आपल्याला ना, त्या मुक्या प्राण्याचा चेहरा आठवतो." आणि मधोमध काका. चष्मा पुसतायत. "सूप कशाचं?" म्हणून त्यांनी विचारल्याबरोबर सगळे एका सुरात, "पातेलं कुठलं?" शिकवणी लावल्यासारखे.

मी म्हटलं, "काका, जरा सरका."

काकांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "जागा नाही रे बाळा. मी सरकलो असतो, पण हॅलोताई नवीन आहेत, त्यांना आधार हवा. तू काय, तू मुरलेला. तू कुठेही बस, तुझं सोपं आहे."

टेबल केवढं लांब. मध्ये एकही खुर्ची नाही, कारण वेटरांनी सगळ्या ओढून त्या टोकाला दिलेल्या. उरलेली एकच. साहेबांच्या शेजारी. साहेबांसमोर अख्खी कोंबडी, एकट्यांसाठी. मी बसलो. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, आणि तुम्हाला सांगतो, पाऊलवाट चुकलेल्या माणसाला दुसरा माणूस दिसावा तसे त्यांचे डोळे झाले.

"सगळे एकदम कसे रे झाले शाकाहारी?" त्यांनी हळूच विचारलं.

साहेबांशी मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे?"

"तुमच्या खड्यामुळे."

साहेबांनी हातातला घास खाली ठेवला. मग त्यांनी नॅपकिनने डोळे टिपले. म्हणाले, "म्हणजे माझं दुखणं कुणाच्या तरी उपयोगी पडलं." आणि डबी काढली. "तू तर गोष्ट पूर्ण ऐकलीच नाहीस ना कधी?"

कळ सुरू झाली. इतक्यात वेटर आला आणि माझ्यापुढे कोंबडीची तंगडी ठेवली. मी म्हटलं, मी व्हेज. वेटर म्हणाला, "व्हेज तिकडे बसलेत, सर." मी म्हटलं, हो, पण मी इकडे बसून व्हेज आहे. असं त्याने कधी ऐकलेलं नव्हतं. तो माझ्याकडे, तंगडीकडे, साहेबांकडे बघत राहिला. आणि साहेबांनी, तोच हात, कोंबडीचा, रश्शासकट, माझ्या खांद्यावर ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "लाजू नकोस. खा. मी आहे ना तुझ्याबरोबर."

सगळं टेबल वळलं.

काका उभे राहिले. त्यांनी माझ्यासमोरच्या तंगडीकडे बघितलं, आणि आवाज असा कापरा काढला, असा काढला, की मलाच क्षणभर वाटलं मी काहीतरी केलं. "आमच्यातून गेलास रे, बाळा."

हॅलोताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवतायत. तेलवाला म्हणतोय, "शेवटी प्रत्येकाचा निश्चय सारखा नसतो." तोंडात काय होतं माहिती आहे? मशरूम. माझं.

मी म्हटलं, वेटर, तिकडची कुठलीही एक बशी इकडे आणा. वेटर गेला, आला. म्हणाला, "संपलं, सर. तिकडच्यांनी एकमेकांचा एकेक चमचा घेतला." साधा भात मिळेल म्हणाला. मी भात घेतला. साहेब तेव्हा नर्सपर्यंत पोचले होते. भात आला तेव्हा टिंग झालं. साहेबांनी डबी माझ्या हातात दिली. "टोचतो का?"

मी म्हटलं, टोचतो.

आणि मनात हिशेब करत होतो, भात सोडला तर अख्ख्या टेबलावर माझ्या हाताला लागेल अशी मांस नसलेली एवढीच एक वस्तू. मग लक्षात आलं, निघाला तो साहेबांच्या पोटातून, आणि साहेब कोंबडी खातात. शंका आहे. शंका आली की सोडायचं. डबी परत केली.

घरी गेलो. आईने विचारलं, "जेवून आलास ना?" आणि मी ठरवलेलं, आज खरंच बोलायचं. म्हटलं, "नाही. कधीच जेवत नाही. इतके दिवस खोटं बोलत होतो, मी हॉटेलात उपाशीच राहतो." एवढं बोलून मोकळा झालो, डोळ्यांत पाणीबिणी. आई जवळ आली, मला वाटलं आता पोटाशी धरणार. तिने माझ्या खांद्याशी नाक नेलं, शर्टाचा वास घेतला. रस्सा. साहेबांचा हात.

आई मागे सरकली. मग म्हणाली, "बाहेर काय खायचं ते तुझं तू बघ. मोठा झालास. पण माझ्याशी खोटं नको बोलूस." आणि भाताचं पातेलं उचलून कपाटात ठेवलं. पोट भरलेल्या माणसाला कशाला लागतं.

परवा मी काकांना मशिन रूममध्ये गाठलं. हात जोडायचेच बाकी ठेवले होते. म्हटलं, काका, झालं ते झालं, मी कुणाला नळीबद्दल काही बोलत नाही, पण पुढच्या वेळी मला तुमच्यात घ्या. आपल्यात.

काकांनी चष्मा पुसला. "अवघड आहे बाळा. सध्या सगळ्या खुर्च्या भरल्यात. त्यात तेलवाला भावाला घेऊन येतो म्हणतोय, त्यालाही प्राण्यांचे चेहरे आठवायला लागलेत. आणि तुझ्याबद्दल लोकांच्या मनात शंका आहे. कुणी घसरला, जागा झाली, की तुझं बघतो."

तेव्हा तोवर मी मांसाहारी आहे. साधा भात खाणारा.